रताळ्याचे वाळवण

(रताळी लवकर खराब होतात, पण नीट वाळवली तर ती अनेक महिने टिकतात. रताळ्याचे काप घरी कसे वाळवावेत आणि त्यातील प्रत्येक कृतीमागे कोणते कारण असते, हे या पाठात सांगितले आहे.)

उर्दूत तुम्ही ज्याला शकरकंद म्हणता, त्यालाच मराठीत रताळे म्हणतात. 'शकर' म्हणजे साखर. रताळ्याची गोडी त्याच्या उर्दू नावातच आली आहे! रताळ्याचा वेल जमिनीवर पसरतो. आपण जे रताळे खातो, ते या वेलाचे फुगलेले मूळ असते. बटाटा मात्र मूळ नाही. तो जमिनीखाली वाढलेला खोडाचा भाग आहे.

रताळे मूळचे अमेरिका खंडातले. तेथून ते जगभर पसरले. आज ते आपल्याकडे इतके रुळले आहे, की महाराष्ट्रात एकादशी, नवरात्र आणि महाशिवरात्र या उपवासांना ते हमखास लागते. उत्तर भारतात हिवाळ्यात हातगाडीवर भाजलेले रताळे लिंबू आणि मसाला लावून विकतात.

उपवासाचे दिवस संपले, की बाजारात रताळ्यांची मागणी कमी होते. मग ती स्वस्त मिळतात आणि घरी जास्त आणली जातात. पण येथेच अडचण सुरू होते. रताळ्याची साल पातळ असते. काढताना कुदळीचा घाव बसला किंवा पोत्यात ते घासले गेले, तर त्या जखमेतून बुरशी आत शिरते. टोपलीतले एक रताळे सडले, की शेजारची रताळीही सडू लागतात. फ्रीजमध्येही ती चांगली राहत नाहीत. फार थंडीने ती आतून कडक होतात आणि त्यांची चव बिघडते.

रताळे सडले, तर 'एवढा भाग कापून टाकू आणि बाकीचे वापरू' असे म्हणू नका. बुरशी लागलेल्या रताळ्यात कडू आणि विषारी द्रव्ये तयार होतात. ती शिजवल्यानेही पूर्णपणे जात नाहीत. अशी रताळी खाऊन गुरांच्या फुप्फुसांना इजा झाल्याचे आणि जनावरे दगावल्याचे आढळले आहे. म्हणून सडके रताळे आपण खाऊ नये आणि घरच्या शेळीपुढेही टाकू नये.

मग जास्तीची रताळी टिकवायची कशी? त्यांचे काप करून ते उन्हात वाळवायचे. महाशिवरात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. त्यानंतर ऊन तापू लागते आणि हवा कोरडी होते. पापड, कुरडया, सांडगे यांच्या वाळवणाचे दिवस हेच असतात.

वाळवल्याने नेमके काय होते? कच्च्या रताळ्यात सुमारे ७० टक्के पाणी असते. बुरशी आणि जिवाणू यांना वाढण्यासाठी पाणी लागते. पाणी काढून घेतले, की त्यांची वाढ थांबते. पण पाणी एकदम निघून जात नाही. त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढ्या वेळात बुरशीही वाढू शकते. म्हणून वाळवणे ही बुरशीशी लावलेली शर्यत आहे. ती आपण जिंकली पाहिजे. पुढची प्रत्येक कृती त्यासाठीच आहे.

प्रथम घट्ट, डाग नसलेली रताळी निवडा. ती स्वच्छ धुऊन माती काढून टाका. साल काढा. मग चिप्सच्या किसणीवर सारख्या जाडीचे पातळ काप करा. काप सुमारे २ मिलिमीटर जाड असावेत. जाड कापाच्या मधल्या भागातील पाण्याला बाहेर यायला फार वेळ लागतो. काही काप जाड आणि काही पातळ झाले, तर पातळ काप वाळतात आणि जाड ओलेच राहतात. असा एक ओला काप सगळा डबा बिघडवतो.

काप केल्याबरोबर ते मिठाच्या पाण्यात टाका. उघडे ठेवले, तर हवेतील ऑक्सिजनमुळे ते काळपट पडतात. नंतर एका पातेल्यात पाणी उकळा. त्यात काप टाका आणि दोन मिनिटांनी झाऱ्याने काढून चाळणीत निथळत ठेवा. उकळत्या पाण्यामुळे काळे पडण्याची क्रिया थांबते आणि कापांचा रंग टिकतो. काप पूर्ण शिजवू नका. शिजले तर ते मोडतात. उकळत्या पाण्याचे हे काम अम्मी, आपा किंवा घरातील दुसरे कोणी मोठे माणूस जवळ असतानाच करा.

आता काप वाळत घाला. गच्चीवर किंवा अंगणात खाट टाका. तिच्यावर स्वच्छ सुती कापड अंथरा आणि काप एकमेकांना चिकटणार नाहीत असे पसरा. जमिनीपेक्षा खाट का चांगली? खाटेच्या विणीतून खालूनही हवा खेळते. वाळण्यासाठी ऊन हवे, तसा वाराही हवा. पावसाळ्यात धुतलेले कपडे लवकर वाळत नाहीत, हे तुम्ही पाहिले आहे. हवाच ओली असेल, तर ती कापडातले पाणी कसे घेणार? कापांचेही तसेच आहे. म्हणून ढगाळ दिवशी हे काम काढू नका.

कापांवर मलमलीचे कापड किंवा धुतलेली जुनी ओढणी पसरा. त्यामुळे माश्या आणि धूळ यांचा त्रास होत नाही. दोन-तीन तासांनी काप उलटा. सूर्य मावळण्यापूर्वी ते घरात आणा. बाहेर ठेवले, तर रात्रीचे दव पडून ते पुन्हा ओले होतात आणि दिवसभराची मेहनत वाया जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात ठेवा. कडक ऊन असेल, तर साधारणपणे दोन ते तीन दिवसांत काप वाळतात.

काप वाळले हे कसे ओळखावे? एक काप हातात घ्या आणि वाकवा. तो चामड्यासारखा वाकला, तर आत अजून पाणी आहे. 'कट्' असा आवाज होऊन तुटला, तर तो वाळला. घरी तराजू असेल, तर आणखी एक परीक्षा करता येते. समजा, तुम्ही १ किलो कच्चे काप घेतले. त्यात सुमारे ७०० ग्रॅम पाणी आणि ३०० ग्रॅम इतर भाग असतो. पूर्ण वाळल्यावर वजन साधारण ३३० ग्रॅम, म्हणजे सुमारे एक तृतीयांश उरते. तराजू अर्धा किलो दाखवत असेल, तर कापांत अजून २०० ग्रॅम पाणी आहे, असे समजा.

उन्हातून आणलेले काप लगेच डब्यात भरू नका. गरम काप भरले, तर वाफ धरते. ते गार होऊ द्या. मग कोरड्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. पहिला आठवडा बरणी रोज पाहा. काचेला आतून बाष्प दिसले, तर काप पुन्हा एक दिवस उन्हात घाला. कापांवर बुरशी दिसली, तर मात्र सगळी बरणी रिकामी करून ते काप फेकून द्या. अशा वेळी हळहळ वाटते; पण तब्येत जास्त मोलाची आहे.

वाळलेला काप कडक असतो, कुरकुरीत नसतो. तो गरम तेलात टाकला, की आत उरलेल्या थोड्याशा पाण्याची एकदम वाफ होते. ती वाफ बाहेर पडताना कापात बारीक पोकळ्या तयार होतात. या पोकळ्यांमुळे काप हलका होतो आणि दातांखाली सहज मोडतो. तळताना आच मध्यम ठेवा. रताळ्यात साखर असल्यामुळे काप काही क्षणांतच करपतात आणि कडू लागतात. रंग सोनेरी होताच ते बाहेर काढा. गरम असतानाच त्यांवर मीठ, तिखट आणि थोडा आमचूर भुरभुरा. तळण्याचे काम मोठ्यांनाच करू द्या. तेल नको असेल, तर काप तव्यावर मंद आचेवर परतून घ्या. रमजानमध्ये इफ्तारीच्या दस्तरख्वानावर भज्यांशेजारी ही बशी ठेवून पाहा!

रताळी वाळवणारे आपण एकटेच नाही. आफ्रिकेतील युगांडा देशाच्या तेसो भागात रताळ्यांचे काप उन्हात वाळवून साठवतात. त्यांना तेथे 'अमुकेके' म्हणतात. शेतात काही नसते, अशा कोरड्या दिवसांत तेच काप शिजवून लोक पोट भरतात. आपल्याला जो खाऊ वाटतो, तो त्यांचे जेवण आहे. जपानमध्ये रताळी आधी वाफवतात, जाड कापतात आणि मग वाळवतात. हे काप कुरकुरीत होत नाहीत. ते मऊ आणि चिवट राहतात. त्यांना 'होशी-इमो' म्हणतात.

काही रताळी आतून नारिंगी असतात. त्यांच्यापासून शरीराला 'अ' जीवनसत्त्व मिळते. डोळ्यांच्या आरोग्यासाठी ते आवश्यक असते. आफ्रिकेत अशा रताळ्यांचा प्रसार करणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. नारिंगी रताळ्याचा हा गुण कडक उन्हात कमी होतो. म्हणून त्याचे काप सावलीत, वाऱ्यावर वाळवणे चांगले.

पहिल्या वेळी एकच किलो रताळी घ्या. तुमच्या दादीने किंवा नानीने काही ना काही वाळवण नक्की केले असेल. काप वाळत घालण्याआधी त्यांना विचारा. आपल्या गच्चीवर ऊन किती वाजेपर्यंत राहते आणि वारा कोणत्या बाजूने येतो, हे त्यांना पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक असते.

शब्दार्थ

वाळवण – उन्हात सुकवून ठेवलेले पदार्थ
काप – पातळ चकत्या, चिप्स
साल – छिलका
बुरशी – फफूंदी
दगावणे – मरणे
शर्यत – दौड, मुकाबला
निथळणे – पाणी गळून जाणे
दव – शबनम
बाष्प – भाप
करपणे – जळणे
चिवट – लवकर न तुटणारे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रताळे हा वेलाचा कोणता भाग आहे?
(आ) कच्च्या रताळ्यात सुमारे किती टक्के पाणी असते?
(इ) युगांडातील वाळवलेल्या कापांना काय म्हणतात?

२. कारणे लिहा.
(अ) सडके रताळे जनावरांनाही देऊ नये.
(आ) सगळे काप सारख्या जाडीचे असावेत.
(इ) वाळत घातलेले काप सूर्य मावळण्यापूर्वी घरात आणावेत.

३. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) काप पूर्ण वाळले, हे कसे ओळखाल?
(आ) तळल्यावर काप कुरकुरीत का होतो?

४. पुढील कृती योग्य क्रमाने लिहा.
बरणीत भरणे, काप करणे, उन्हात पसरणे, धुणे, उकळत्या पाण्यात टाकणे, गार होऊ देणे.

५. लक्षात ठेवा.
उर्दूत दोन लिंगे आहेत. मराठीत तीन आहेत. तो काप, ती बरणी, ते रताळे. पाठातून प्रत्येक लिंगाचे तीन-तीन शब्द शोधून लिहा.

६. वचन बदला.
रताळे, डबा, बरणी, ओढणी, नाणे, माशी.

७. उपक्रम.
तुमच्या घरी किंवा शेजारी कोणकोणते पदार्थ वाळवून ठेवतात, ते विचारा. त्यांपैकी एका पदार्थाची कृती आठ-दहा ओळींत मराठीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.