तेलाच्या गाळणीतील धातूचा कीस व इंजिनाची झीज

ट्रॅक्टरच्या इंजिनाचे वंगणतेल ठरलेल्या तासांनी बदलावे लागते, ही गोष्ट आता बहुतेक शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तेलाबरोबर गाळणीही बदलली जाते. परंतु काढलेली जुनी गाळणी तशीच उकिरड्यावर टाकली जाते आणि इंजिनाच्या आतील स्थितीचा जो पुरावा तिच्यात साठलेला असतो, तो न पाहताच नाहीसा होतो. इंजिन न उघडता त्याचा कोणता भाग झिजत आहे, हे पुष्कळ अंशी या गाळणीवरून समजते. ही तपासणी करण्यास अर्धा तास व थोडे रॉकेल एवढेच लागते. वेळीच केल्यास तिच्यामुळे मोठा खर्च व ऐन हंगामातील खोळंबा टळू शकतो.

कीस कोठून येतो?

चालत्या इंजिनात क्रँक आणि बेअरिंग, पिस्टनची रिंग आणि लायनर हे भाग प्रत्यक्ष एकमेकांस घासू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. तेल कमी पडले, पातळ झाले किंवा त्यात माती गेली, म्हणजे हा थर तुटतो व धातूवर धातू घासू लागतो. सुटलेले कण तेलाबरोबर तळपात्रात येतात. तेथून पंप ते तेल गाळणीतून ढकलतो व मोठे कण गाळणीच्या कागदात अडकतात.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. गाळणी कचऱ्याने भरून गेली, तर तेलाचा मार्ग बंद पडू नये म्हणून एक झडप उघडते आणि न गाळलेले तेल सरळ बेअरिंगकडे जाते. म्हणून गाळणी वेळेवर बदलणे हे तपासणीइतकेच महत्त्वाचे आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांत ही मुदत सुमारे २५० तासांची व नव्या इंजिनात पहिली बदली सुमारे ५० तासांची असते. मात्र आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली मुदतच प्रमाण मानावी.

पाणी उपसण्याच्या काही लहान एकसिलिंडरी इंजिनांस कागदी गाळणी नसते. त्यांच्या बाबतीत तळपात्रातील जाळी व तळाशी बसलेला गाळ तपासावा.

तपासणीची पद्धत

१. इंजिन थोडा वेळ चालवून तेल कोमट करावे व मग बंद करावे. कोमट तेलात कण तरंगत राहतात व तेलाबरोबर बाहेर येतात.

२. तेल स्वच्छ, पसरट भांड्यात काढावे. तेल काढण्याच्या बुचाला लोहचुंबक बसविलेला असल्यास त्यावर चिकटलेला कीस निराळा पुसून ठेवावा.

३. गाळणी पत्र्याच्या डब्यात बंद असेल, तर डबा चाकाच्या कटरने कापावा. लोखंड कापण्याच्या करवतीने कापू नये. करवतीचा कीस आत पडतो व निदान चुकते.

४. आतील घडीचा कागद धारदार चाकूने वरच्या व खालच्या कडेस कापून सोडवावा आणि उन्हात पसरून पाहावा.

५. कागदाचे तुकडे स्वच्छ रॉकेलमध्ये खळखळून धुवावेत. हे रॉकेल पांढऱ्या थाळीत ओतून गाळ खाली बसू द्यावा. या वेळी जवळ विडी, चूल किंवा दिवा असू नये.

६. लोहचुंबक पातळ प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून गाळावरून फिरवावा. नंतर चुंबक कागदातून काढला, की चिकटलेला कीस आपोआप सुटतो. अशा रीतीने लोखंडी व बिनलोखंडी कीस वेगवेगळा होतो.

किसाचा अर्थ

चुंबकास चिकटणारा कीस लोखंड, बीड किंवा पोलाद यांचा असतो. तो राखाडी पिठासारखा व थोडा असेल, तर ती रिंगा व लायनर यांची नित्याची झीज समजावी. नव्या इंजिनात पहिल्या बदलीच्या वेळी तो अधिक दिसतो व त्यात भीतीचे कारण नसते. परंतु चपट्या, चकचकीत पापड्या दिसल्यास एखाद्या कठीण पृष्ठभागाचे, उदाहरणार्थ कॅम, टॅपेट किंवा गिअरचे, कवच सुटत आहे असे मानावे. सुईसारखे किंवा धारदार तुकडे हे काही तरी तुटल्याचे चिन्ह होय.

चुंबकास न चिकटणारा कीस रंगावरून व मऊपणावरून ओळखावा. पांढुरका, अतिशय मऊ, नखाने दाबताच पसरणारा कीस बेअरिंगच्या वरच्या अस्तराचा, म्हणजे शिसे व कथील यांचा असतो. त्यानंतर तांबूस कण दिसू लागले, तर वरचे अस्तर संपून खालचा तांब्याचा थर उघडा पडला आहे, असे समजावे. मात्र कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाच्या बुशामधूनही तांबूस किंवा पितळी कीस येतो, हे विसरू नये.

पांढरा, वजनाने हलका, पण नखाने न पसरणारा कीस अॅल्युमिनियमचा असतो. तो बहुधा पिस्टनचा असतो. काही इंजिनांत बेअरिंगही अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते, म्हणून पुस्तिका पाहावी. संशय राहिल्यास कण झाळकामाच्या तापलेल्या खड्ड्यावर ठेवावा. शिसे-कथिलाचा कण लगेच वितळतो, अॅल्युमिनियमचा वितळत नाही.

धातूशिवाय इतर गोष्टीही बोलक्या असतात. दोन काचांमध्ये चोळल्यावर करकरणारे व काचेवर ओरखडे पाडणारे कण मातीचे असतात. अशा वेळी हवाशोधक व त्याची रबरी नळी प्रथम तपासावी. बारीक लोखंडी कीस व माती एकत्र आढळणे म्हणजे धूळ आत जाऊन लायनर घासले जात आहे, असा अर्थ होतो. तेल दुधाळ झाले असल्यास त्यात पाणी शिरले आहे. काळी काजळी मात्र डिझेल इंजिनात नेहमीचीच असते.

निर्णय कसा घ्यावा?

एक उदाहरण पाहावे. ऊस-वाहतुकीच्या दिवसांत तेल बदलताना गाळणीत पांढुरक्या मऊ पापड्या व थोडे तांबूस कण आढळले. इंजिन चालू होते, ओढ चांगली होती, आवाजही फारसा बदलला नव्हता. फक्त तेलाच्या दाबाचा काटा गरम इंजिनावर पूर्वीपेक्षा खाली राहत असे. अशा वेळी हंगाम उरकून मग पाहू, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेच घातक ठरते. त्याच दिवशी तळपात्र उघडून बेअरिंग बदलल्यास व क्रँकवर ओरखडे नसल्यास काम थोडक्यात भागते. तसेच चालविल्यास बेअरिंग फिरते, क्रँक खराब होतो, प्रसंगी कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फुटतो. मग दोन दिवसांच्या खोळंब्याऐवजी सारा हंगाम जातो आणि कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाही.

म्हणून पुढील नियम पाळावा. थोडे राखाडी पीठ असल्यास नोंद करून काम चालू ठेवावे. किसाचे प्रमाण मागील वेळेपेक्षा वाढलेले दिसल्यास नवी गाळणी व नवे तेल घालून सुमारे २५ तासांनी पुन्हा तपासावे. पापड्या, तुकडे किंवा बेअरिंगचा कीस आढळल्यास इंजिन सुरू न करता जाणत्या मिस्त्रीस दाखवावे.

कोकण किनाऱ्यावरील मासेमारीच्या यांत्रिक नौकांनाही हेच नियम लागू पडतात. तेथे खारे पाणी तेलात शिरून तांबेरलेला कीस दिसण्याचा संभव असतो. भर समुद्रात इंजिन बंद पडल्यास माणसांच्या जिवाशी गाठ असल्याने, संशय आल्यावर नौका बंदराबाहेर नेऊ नये.

नोंद व मर्यादा

एका तपासणीपेक्षा ओळीने केलेल्या अनेक तपासण्यांस अधिक किंमत आहे. प्रत्येक वेळचा कीस कागदाच्या पुडीत घालून त्यावर तारीख व इंजिनाचे तास लिहून ठेवावेत. गाळणी केवळ मोठे कण पकडते. अतिसूक्ष्म कण तेलातच राहतात व ते प्रयोगशाळेतच मोजता येतात. अमेरिकेतील एका रेल्वेने १९४६ मध्ये डिझेल इंजिनांच्या तेलाची अशी तपासणी सुरू केली होती. मात्र मोठ्या तुकड्यांची सूचना त्या तपासणीपेक्षा गाळणीतूनच अधिक स्पष्ट मिळते.

तपासणीनंतर जुने तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा शेतात ओतू नये. ते झाकणाच्या डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्यावे व हात साबणाने धुवावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील एखाद्या ट्रॅक्टरचे तेल बदलते वेळी पाच-दहा शेतकऱ्यांस जमवून ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. एकदा पांढऱ्या थाळीतील कीस डोळ्यांनी पाहिला, म्हणजे जुनी गाळणी न उघडता फेकून देण्याची सवय आपोआप सुटेल.