‘लार्बोर्ड’ का बुडाला?

जुन्या इंग्रजी सागरकथांत ‘लार्बोर्ड’ हा शब्द आढळतो. त्याचा अर्थ जहाजाची डावी बाजू. आजचे खलाशी मात्र तो वापरीत नाहीत. असे का झाले?

आधी एक प्रश्न. जहाजावर सरळ ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ का म्हणत नाहीत? कारण पुढे तोंड करून उभ्या असलेल्या खलाशाचे जे डावे, तेच मागे तोंड केलेल्याचे उजवे! म्हणून माणूस कसाही उभा राहिला तरी बदलणार नाहीत अशी नावे जहाजाच्या दोन्ही बाजूंना द्यावी लागली.

पूर्वी उत्तर युरोपातील नौकांना मागे मधोमध सुकाणू नसे. त्याऐवजी मागच्या टोकाजवळ, उजव्या बाजूला एक मोठे वल्हे बसवीत. बहुतेक माणसे उजव्या हाताने काम करतात, तेव्हा ही सोय स्वाभाविकच होती. जुन्या इंग्रजीत ‘स्टेओर’ म्हणजे सुकाणू आणि ‘बोर्ड’ म्हणजे नौकेची बाजू. त्यावरून उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ हे नाव पडले.

धक्क्याला लागताना हे वल्हे चेंगरू नये, म्हणून नौकेची डावी बाजू धक्क्याकडे ठेवीत. माल चढे तोही तिकडूनच. मध्ययुगीन इंग्रजीत या बाजूला ‘लाडबोर्ड’ म्हणत. त्यातील ‘लाड’चा संबंध माल लादण्याशी असावा, असे मानतात. पुढे ‘स्टारबोर्ड’च्या सहवासाने त्याचे ‘लार्बोर्ड’ झाले.

आणि इथेच घोटाळा झाला! कल्पना करा : वारा घोंघावतो आहे, शिडे फडफडताहेत आणि अधिकारी ओरडून हुकूम देतो आहे. सुकाणूवाल्याच्या कानी पडते ते फक्त ‘...आरबोर्ड!’ त्याने कोणती बाजू समजावी? खडक जवळ असेल, तर ही एक चूक साऱ्यांच्या जिवावर बेतायची.

डाव्या बाजूसाठी ‘पोर्ट’, म्हणजे बंदराकडची बाजू, हा वेगळ्या उच्चाराचा शब्द आधीपासून प्रचारात होताच. १८४४ साली ब्रिटिश नौदलाने ‘लार्बोर्ड’ऐवजी तोच वापरण्याचा हुकूम काढला. १८४६ साली अमेरिकी नौदलानेही तसेच केले.

आज रात्री जहाजाच्या पोर्ट बाजूस लाल आणि स्टारबोर्ड बाजूस हिरवा दिवा असतो. मुंबई बंदरातही हाच नियम आहे.

एक प्रयोग करून पाहा. मधल्या सुट्टीच्या गलक्यात मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मित्राला उभे करा. आधी ‘लार्बोर्ड’ व ‘स्टारबोर्ड’, मग ‘पोर्ट’ व ‘स्टारबोर्ड’ हे शब्द उलटसुलट क्रमाने ओरडा. त्याला ऐकू आलेले शब्द लिहून घ्यायला सांगा. चुका कोणत्या जोडीत जास्त होतात?