रेटिनोब्लास्टोमा (लहान मुलांच्या डोळ्याचा कॅन्सर): आधी कुणाचं रक्त, किती खर्च

फ्लॅशच्या फोटोत बाळाची बाहुली पांढरी दिसते, किंवा डोळा तिरळा वाटू लागलाय? अंगणवाडीत येणारं बालस्वास्थ्य पथक वर्षातून दोनदाच फिरतं. त्याची वाट पाहू नका. थेट अहिल्यानगरच्या सिव्हिलला जा. थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा तपासायला सांगा. नुसत्या टॉर्चने बघून ‘काही नाही’ म्हणाले तर तेवढ्यावर घरी परतू नका. उपचारासाठी परळचं टाटा किंवा हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद.

महाराष्ट्रात योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात उपचार महात्मा फुले योजनेत बसतात: कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, रेशन कार्ड कुठल्याही रंगाचं चालतं. सोबत आधार, मुलाचं नसेल तर जन्मदाखला. जनुक चाचणी मात्र त्यात धरून चालू नका.

पैसे वाया जातात ते इथेच. दोष आरबी1 जनुकात असतो. दोन्ही डोळ्यांत गाठी असतील तर आजार आनुवंशिकच धरा. एकाच डोळ्यात असेल तर शंभरातल्या पंधराएक मुलांत. आनुवंशिक दोष असलेलं मूल मोठं झालं की त्याच्या प्रत्येक अपत्याकडे दोष जाण्याची शक्यता 50 टक्के. बहुतेकदा दोष त्या मुलातच नव्याने झालेला असतो, घराण्यात कुणालाच नसतो. मामाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून, ग्रहण पाळलं नाही म्हणून, हे सगळं खोटं. सुनेला बोल लावणाऱ्यांना हे ऐकवाच.

रक्त आधी आजारी मुलाचं द्या. निरोगी भावंडाचं आधी तपासलं आणि ‘निगेटिव्ह’ आलं, तर त्यातून काहीच कळत नाही. खासगी प्रयोगशाळेत पूर्ण चाचणीला साधारण दहा ते पंचवीस हजार, अहवालाला काही आठवडे. विचारा: डिलीशन-डुप्लिकेशन (जनुकाचा तुकडा गळालाय की दुप्पट झालाय, ते पाहणं) यातच आहे का? नसेल तर त्याचं बिल वेगळं येतं. नेमका दोष सापडला की आईवडील, भावंडांची त्या एकाच जागेची चाचणी बरीच स्वस्तात होते. काही प्रयोगशाळा आईवडिलांची फुकट करतात; मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही.

एकाच डोळ्यात गाठ आहे, डोळा काढायचाय? शस्त्रक्रियेआधीच सांगून ठेवा की गाठीचा नमुना जनुक चाचणीसाठी राखा. रक्तात दोष सापडला नाही तर तोच उपयोगी पडतो.

भावंडात दोष नाही असं निघालं की त्याची भूल देऊन होणारी वारंवार तपासणी थांबते. चाचणीचा खर्च तिथेच वसूल. दोष निघाला तर पहिली काही वर्षं ठरलेल्या तारखा चुकवायच्या नाहीत. सीटी स्कॅन कुणी लिहून दिला तर एमआरआय चालेल का विचारा. या मुलांना किरण टाळलेले बरे. पुढचं मूल हवं असेल तर अहवाल गरोदरपणाआधी हातात हवा.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते. अर्ज रुग्णालयातूनच भरून, शिक्का मारून घ्या. एसटीत आईला अर्धं तिकीट आहेच.