जुने डॅम्पर काढण्याआधी

महागाव (जि. यवतमाळ)
वैशाख

चि. निखिल यास,


परवा तू फोनवर जे विचारलंस त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. इथे पारा ४४ च्या आसपास आहे आणि दिवसभर कूलरमध्ये पाणी भरणं चालू आहे. तुमच्याकडे मेलबर्नला आता थंडी सुरू होईल, म्हणजे लोक हीटर लावतील आणि तुला कामं येत राहतील.

तू सांगितलंस ते असं : गॅसचा डक्टेड हीटर काढायचा, त्या जागी गरम आणि गार दोन्ही करणारं रिव्हर्स सायकल युनिट बसवायचं. घरात चार झोन, त्यांचे डॅम्पर, म्हणजे डक्टमधली हवा सोडणारी-अडवणारी मोटारीची पाती, जुने. तुझा मालक म्हणतो सगळं नवीन घाला. घरमालकीण म्हणते, चालतंय ते कशाला काढता? दोघंही न तपासता बोलताहेत. तू माळ्यावर चढ, एकेक डॅम्पर हाताने फिरवून बघ, आणि त्यानंतरच तोंड उघड. हा प्रश्न तुला पुढेही पुष्कळदा पडणार आहे. व्हिक्टोरियात १ जानेवारी २०२४ पासून ज्या नव्या घरांना नियोजन परवाना लागतो त्यांना गॅसची जोडणी मिळत नाही, आणि जुन्या घरांतले गॅस हीटरही हळूहळू निघताहेत. म्हणून एकदा नीट समजून घे.

सूतगिरणीत आमच्याकडे ह्युमिडिफिकेशन प्लांट होता, हे तुला माहीत आहे. रिंग फ्रेम खात्यात हवेतली आर्द्रता ५५ ते ६० टक्क्यांत ठेवावी लागे, नाहीतर धागा तुटायचा. बाहेरची हवा किती घ्यायची, खात्यातली किती परत फिरवायची, किती बाहेर सोडायची, हे सगळं डॅम्परवर. प्लांटचे पंखे बदलले तेव्हा डॅम्पर आम्ही जुनेच ठेवले. पात्याच्या कडेला रुव्याचा थर घट्ट बसला होता. वरून बघणाऱ्याला पातं बंद दिसायचं, पण हात लावला की फटीतून हवा लागायची. थर खरवडला, शाफ्टचे बुश बदलले, पातं चौकटीला पुन्हा बरोबर टेकलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : डॅम्परचा सांगाडा दीर्घायुषी असतो. झिजतो तो बुश, जाते ती मोटार.

म्हणून पहिलं काम, मोटार सोडव आणि पातं नुसत्या हाताने फिरव. ते सहज फिरलं पाहिजे, मध्ये अडकता कामा नये, आणि शाफ्ट फिरतोय पण पातं जागच्या जागी असंही होता कामा नये. शाफ्टच्या टोकावर बहुधा खाच असते, ती पात्याची दिशा दाखवते. खाचेवर विसंबू नकोस, आत बॅटरी मारून पातं डोळ्यांनी बघ. प्लास्टिकचा सांगाडा असेल तर चिरा शोध, कारण छताखालच्या उष्णतेने जुनं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. बंद डॅम्परमधून थोडी हवा जाणारच, त्याला नळासारखं घट्ट बंद होणं जमत नाही. पण हाताला झोत लागला तर तो कामाचा राहिला नाही.

हे झालं तब्येतीचं. आता मापाचं, आणि निर्णय खरं तर इथे होतो. गॅसच्या हीटरमधून हवा फार गरम येते. समज ५५ अंश, आणि खोली २० ची, म्हणजे फरक ३५. रिव्हर्स सायकलमधून येणारी हवा समज ४० अंश, म्हणजे फरक २०. खोलीला तेवढीच ऊब द्यायची तर पावणेदोन पट हवा ढकलावी लागेल. गार करताना फरक आणखी कमी, १०-१२ अंशांचा. त्यामुळे ज्या घरात फक्त गॅसचा हीटर होता तिथले डक्ट आणि डॅम्पर बहुतेक वेळा अरुंद निघतात. २०० मिलिमीटरच्या गोल डॅम्परमधून सेकंदाला १५० लिटर हवा पाठवलीस तर तिचा वेग ४.८ मीटर होतो. तीच हवा २५० च्या डॅम्परमधून ३ मीटरने जाते, कारण व्यास सव्वापट झाला तरी तोंडाचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त वाढतं. झोपायच्या खोलीकडे जाणाऱ्या डक्टमध्ये मी तरी ४ मीटरच्या वर जाऊ देणार नाही. रात्री सुं-सुं आवाज ऐकत पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी तुलाच फोन करेल. शिवाय हवा दीडपट केली की दाब दीडपट नाही, सव्वादोन पट वाढतो, आणि तो भार नव्या पंख्यावर पडतो.

मापात कमी पडणारा डॅम्पर कितीही मऊ फिरत असला तरी काढ. त्याच्याबरोबर त्या शाखेचा डक्टही वाढव, नुसता डॅम्पर मोठा करून काही होत नाही. ज्या घरात आधीपासून डक्टेड एसी होता आणि नवं युनिट तेवढ्याच हवेचं आहे, तिथे मात्र जुने डॅम्पर ठेवायला माझी पूर्ण संमती.

तिथल्या बऱ्याच घरांत पाण्याचा कूलरही छतावर असतो असं तू म्हणालास. तत्त्व आपल्या खिडकीतल्या कूलरचंच. त्याचे डक्ट मोठे दिसले तरी मोहात पडू नकोस. त्याची हवा उघड्या खिडकीतून बाहेर जाते, परत येत नाही. ती व्यवस्थाच निराळी आहे.

मोटारींबद्दल. तुझ्याकडच्या बहुतेक २४ व्होल्टच्या आहेत, पण तेवढ्याने जुळलं असं समजू नकोस. काही मोटारी वीज देऊन उघडतात आणि वीज देऊनच बंद होतात. काहींमध्ये स्प्रिंग असते, वीज गेली की पातं आपोआप एका बाजूला जातं. नव्या कंट्रोलरला यातली कोणती हवी ते त्याच्या पुस्तिकेत वाच. फोनच्या पिनेसारखी पिन खाचेत बसली म्हणजे आतल्या तारा जुळल्या असंही नसतं, मीटर लावून बघ. ट्रान्सफॉर्मरवर सगळ्या मोटारी एकदम चालू असताना शेवटच्या मोटारीपाशी किती व्होल्ट पोचतात ते मोज. तिथे वीज कमी पडली तर पातं अर्ध्यात थांबतं आणि लोक डॅम्परला दोष देतात. माझा सल्ला विचारशील तर सांगाडे चांगले असतील तिथे ते ठेव आणि मोटारी मात्र सगळ्या एका जातीच्या नव्या घाल.

एका गोष्टीत हयगय नको. आपल्या शेतात तुषार संचाच्या दोन लाइनी बंद केल्या की उरलेल्या नोझलचा फवारा कसा लांब उडतो, ते तू पाहिलंयस. झोन बंद केले की तसाच दाब उरलेल्या डक्टमध्ये चढतो. काही जुन्या घरांत यासाठी बायपास डॅम्पर ठेवलेला सापडेल, जास्तीची हवा परतीच्या डक्टमध्ये सोडणारा. नव्या युनिटला तो तसाच जोडू नकोस. उन्हाळ्यात गार हवाच पुन्हा आत जाऊन कॉइलवर बर्फ धरेल, थंडीत गरम हवा परत जाऊन युनिट दाबावर ट्रिप होईल. त्यापेक्षा बैठकीच्या खोलीचा झोन कायम उघडा राहील असं कर आणि कंपनीने सांगितलेली किमान हवा त्यातून जाते का ते मोज.

गार हवा आली की घाम येतो, हेही लक्षात असू दे. फक्त हीटर असलेल्या घरात डॅम्परच्या उघड्या पत्र्यावर कधी थेंब आले नसतील, आता येतील आणि छतावर डाग पडतील. ठेवलेल्या प्रत्येक डॅम्परला इन्सुलेशन गुंडाळ, टोकं टेपने बंद कर. जुन्या हीटरच्या सांध्यांवर किंवा पॅकिंगवर संशयास्पद तंतुमय लेप दिसला तर कापू नकोस, खरवडू नकोस. ऑस्ट्रेलियात ॲसबेस्टॉसवर पूर्ण बंदी २००३ च्या शेवटी आली, त्याआधीच्या घरात ते असू शकतं. गॅसची जोडणीही परवाना असलेल्या माणसाकडूनच तोडून घे. पैसे वाचवायच्या नादात फुप्फुसं घालवू नकोस.

बाईंना हिशेब देताना प्रत्येक डॅम्परची वेगळी ओळ लिही : हा ठेवला, ह्याची मोटार बदलली, हा मापात बसला नाही म्हणून काढला. काढलेला त्यांना दाखव. मालकालाही तोच कागद दे. नव्याचा नफा बुडाला म्हणून तो कुरकुरेल, पण मापं समोर ठेवलीस तर त्याला वाद घालता येणार नाही.

चारही डॅम्परचे व्यास, मोटारींवरच्या पाट्यांचे फोटो आणि नव्या युनिटची हवा सेकंदाला किती लिटर, एवढं मला पाठव. मी गणित करून ठेवतो, रविवारी बोलू. आजीचा गुडघा आता बरा आहे, ती तुझी आठवण काढते.

तुझा,
मामा