फिक्स चाकाची सायकल आणि आपली हाडं



या वेळी आरोग्याच्या पानावर सायकल कशी, असं काही जणांना वाटेल. मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला माझ्या भाच्याचा फोन आला. "मावशी, हात सुजलाय, बोटं हलतात, पण मनगट वाकडं दिसतंय." मी म्हटलं, हाताला काही चोळू नकोस, मालीश करणाऱ्याकडे जाऊ नकोस, पुठ्ठा लाव, ओढणीसारखं फडकं गळ्यात बांधून हात त्यात ठेव, बोटातली अंगठी काढ आणि सरळ दवाखाना गाठ. मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर.

भाचा आपल्या खर्ड्याचाच. इथे वर्षभर पुरेल असं काम नाही, म्हणून आपल्या वस्तीतली पोरं जामखेडहून एसटी धरून पुण्याला जातात, तसा तोही गेला. हडपसरच्या बाजूला कॉट बेसिसवर राहतो, ठेकेदाराकडे पॅकिंगचं काम करतो. कामाची जागा नऊ किलोमीटर. बसची वाट बघून दोनदा खाडा पडला, तेव्हा त्याने जुन्या बाजारातून काळी पोलादी सायकल घेतली. निर्णय चांगलाच होता. पुढे मात्र मोबाइलवर त्याने शहरातल्या पोरांच्या बारीक, गिअर नसलेल्या, ब्रेक नसलेल्या सायकली पाहिल्या. 'फिक्सी' म्हणतात त्यांना. दुकानात त्यांची किंमत त्याच्या दोन-तीन पगारांची. मग एका मेकॅनिककडून त्याने आपल्याच सायकलच्या फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून घेतलं आणि सळ्यांचे ब्रेक काढून टाकले, का तर दिसायला बरे दिसत नाहीत.

हे प्रकरण नीट समजून घेऊ, कारण आपल्या पोरांच्या हातात तेच मोबाइल आहेत.

साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं आणि टक-टक-टक आवाज येतो, तो त्याच्या आतल्या छोट्या खिट्ट्यांचा. फिक्स चाकात ही सोय नसते. दातेरी चकती चाकाला घट्ट बसवलेली असते. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, म्हणजे पाय फिरणार. पाय मागे रेटले की वेग कमी होतो. ही सायकल मुळात शर्यतीच्या ट्रॅकसाठी, वाडग्यासारख्या कडा उचललेल्या गोल मैदानासाठी. जपानमध्ये 1948 पासून 'केइरिन' नावाच्या शर्यती अशाच पोलादी, ब्रेक नसलेल्या सायकलींवर होतात. आपल्याकडे 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीत असा ट्रॅक होता. तिथे सगळे एकाच दिशेने जातात. समोरून रिक्षा येत नाही, मध्येच शेळी येत नाही. रस्त्यावर ही सायकल आणली ती मोठ्या शहरांत टपाल-पाकिटं पोचवणाऱ्या पोरांनी, कारण तिच्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं. पण इंग्लंडमध्येही फिक्स चाकाच्या सायकलला रस्त्यावर पुढचा ब्रेक असलाच पाहिजे, असा कायदा आहे. ब्रेक नसणं ही फॅशन आहे, त्या सायकलची गरज नव्हे.

आता भाच्याच्या सायकलचं काय झालं ते सांगते. फ्रीव्हील चाकाच्या हबवर आट्यांनी बसतं. आपण पुढे पायडल मारतो तसं ते अधिक आवळत जातं. पाय मागे रेटले की तेच आटे उलगडायला लागतात. खऱ्या फिक्स चाकाच्या हबवर म्हणूनच दुसरी, उलट्या आट्यांची रिंग असते. ती चकतीला सुटू देत नाही. आपल्या काळ्या सायकलच्या हबवर ती रिंग बसायला जागाच नाही. वेल्डिंगने खिट्ट्या बंद झाल्या, आटे मात्र तसेच राहिले. उड्डाणपुलाच्या उतारावर पुढे टेम्पो थांबला, भाच्याने जीव खाऊन पाय मागे रेटले, फ्रीव्हील सुटलं आणि पायाखालचा जोर एकदम नाहीसा झाला. ब्रेक नव्हतेच. तो दुभाजकावर गेला, पडताना तळहात टेकला, सगळा भार मनगटावर आला. डोकं वाचलं हे नशीब.

थोडा हिशेबही करून बघा. पुढच्या चकतीला 44 दात आणि मागे 18 असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात 28 इंची चाक साधारण साडेपाच मीटर पुढे जातं. ताशी 15 किलोमीटरने चाललात तर मिनिटाला पंचेचाळीसेक फेरे, आरामाचं काम. उतारावर वेग तीस झाला की फिक्स चाकात पाय मिनिटाला नव्वदच्या वर फिरतात, आणि ते थांबवणं आपल्या हातात नसतं. सवय नसलेल्या माणसाचा पाय पायडलवरून सुटतो, मग तेच पायडल नडगीवर येऊन आदळतं.

अजून एक धोका मी नर्स म्हणून सांगते, कारण बोट घेऊन आलेलं लेकरू मी कामावर असताना पाहिलं आहे. साध्या सायकलला चेनमध्ये फडकं अडकलं आणि पाय थांबवला की चेन थांबते. फिक्स चाकाला चाकाचा जोर चेन ओढत राहतो आणि बोट चकतीत जातं. सायकल उलटी करून चाक फिरवत चेन पुसणं अशा सायकलवर कधीच करू नका, आणि वस्तीतली लहान पोरं जवळ असतील तर मुळीच नाही. ओढणी आणि साडीचा पदर यांचंही तेच. चेनकव्हर नसलेल्या फिक्स सायकलवर ओढणी घालून बसणं म्हणजे गळ्याशी खेळ. कधी दुर्दैवाने बोट तुटलंच, तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, हात उंच ठेवा. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात घालू नका, पेशी मरतात. हळद, चहापत्ती, काहीही लावू नका. जखम रस्त्यावरची असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं त्याच दिवशी विचारा.

मग फिक्स सायकल घ्यायचीच नाही का? ज्याला हौस आहे त्याने दोन्ही बाजूंनी आटे असलेला हब घ्यावा. एका बाजूला फिक्स, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील, चाक उलटं करून बसवलं की झालं. पुढचा ब्रेक मात्र हवाच. पण कामावर जाण्यासाठी माझ्या मते आपली काळी पोलादी सायकलच बरी. ती वीस किलोच्या आसपास भरते, चढावर जीव काढते, हे खरं. पण पोलाद मोडायच्या आधी बहुधा इशारा देतं, जोडाजवळ रंगाला बारीक चीर पडते, तिथून गंज डोकावतो. आणि ते खर्ड्यातल्या वेल्डिंगच्या दुकानातही जोडून मिळतं. ॲल्युमिनियमचं तसं नाही, त्याला वेगळं मशीन लागतं. महिन्यातून एकदा सीटखालची नळी आणि पायडलचा खालचा जोड तपासा. कॉटर पिन ढिली झाली की पायडल प्रत्येक फेऱ्यात कट्ट वाजतं. तो आवाज ऐकून सोडून देऊ नका. पावसात स्टीलच्या रिमवर ब्रेक नीट लागत नाही, म्हणून पावसाळ्यात दुपटीने आधी दाबायला सुरुवात करा.

विहारात रविवारी वंदनेनंतर मी बीपी तपासायला बसते, तेव्हा पुरुष मंडळी गुडघ्याची तक्रार सांगतात आणि खापर सायकलवर फोडतात. दहापैकी आठांची सीट खाली असते. जमिनीला दोन्ही पाय टेकावेत म्हणून खाली केलेली. त्याने गुडघा सारखा दुमडलेला राहतो आणि वाटीमागे दुखायला लागतं. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली न्या. गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पंजाने चालवा, आपोआप थोडा बाक राहतो. गुडघ्याच्या मागच्या बाजूला दुखत असेल तर सीट जास्त वर गेली आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहातावर भार जास्त पडतोय. हँडलवरची पकड बदलत राहा. जांघेत बधिरपणा आला तर सीटचं टोक वर उचललेलं आहे का बघा. ही तक्रार माणसं लाजून सांगत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. कामावर जाताना पंधरा मिनिटं, येताना पंधरा मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, हिशेब पुरा. साखरेचा आजार असेल आणि गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी सायकल काढू नका, खिशात गूळ किंवा साखर ठेवा; घाम फुटला, हात थरथरले की उतरा आणि खा. छातीत दाब येत असेल तर आधी डॉक्टर. बायकांना थोड्या चढावर धाप लागते, त्याचं कारण पुष्कळदा अंगातलं रक्त असतं. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर सायकलला दोष देऊ नका, सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या जेवणानंतर घ्या आणि लगेच वर चहा पिऊ नका.

पोरींच्या आयांना एक स्पष्ट सांगते. सायकल चालवल्याने मुलीचं काही 'बिघडत' नाही. योनीमुखाजवळचा पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो, त्यावरून चारित्र्य ठरत नाही, आणि पाळीत सायकल चालवायलाही हरकत नाही. 1991 नंतर तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेतच बायकांना सायकल शिकवली. खाणीत, शेतात राबणाऱ्या हजारो बायका त्यात शिकल्या, आणि त्यांत दलित बायका पुष्कळ होत्या. लोक हसले, घाणेरडं बोलले, पण पाण्याच्या घागरी आणि लेकरं कॅरिअरवर घेऊन त्या जाऊ लागल्या. माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या तरुणपणी गावात काही घरांसमोरून जाताना सायकलवरून उतरून चालत जावं लागे. त्यांनी घेतलेली सायकल माझ्या वडिलांनी चालवली. मी नर्सिंगला असताना ड्युटीला त्याच सायकलवर जायची.

भाच्याचं पुढचं सांगायचं राहिलं. ठेकेदार म्हणाला, काम नाही तर पगार नाही. मी त्याला पगाराची चिठ्ठी पाठवायला लावली. त्यात ईएसआय कापलेला होता, आणि त्याला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ही विमा योजना लागू होते. 2010 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. घरून कामावर जाताना किंवा परत येताना झालेला अपघात वेळ, जागा आणि परिस्थिती पाहता कामाशी जोडलेला असेल, तर तोही कामावरचा अपघात धरला जातो. मग काम करता येत नाही तेवढ्या दिवसांसाठी साधारण 90 टक्के मजुरी मिळू शकते. त्यासाठी अपघाताची माहिती मालकाला लेखी द्यावी लागते आणि योजनेच्या डॉक्टरचा दाखला लागतो. मग त्याने डाव्या हाताने अर्ज लिहिला, सही वाकडीतिकडी आली. त्याची पोच घेतली आहे. सायकलला नवीन फ्रीव्हील बसवलं, दोन्ही ब्रेक परत लावले. प्लास्टर अजून तीन आठवडे आहे.