आंध लोक कोठून आले?

हिंगोली जिल्ह्यांत कळमनुरी व औंढा नागनाथ या भागांत आंध लोकांचीं गांवें आमच्या पुष्कळ वाचकांस परिचयाचीं आहेत. नांदेडकडे व पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यांतही त्यांची वस्ती आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींत त्यांचें नांव आहे. ते शेती व मजुरी करितात आणि मराठी बोलतात. मग त्यांच्या नांवाचें 'आंध्र' या नांवाशीं साम्य कां? या पाठांत आपण एकेक साक्षीदार तपासून पाहूं.

पहिला साक्षीदार जुने ग्रंथ. विश्वामित्राच्या शापित पुत्रांचे वंशज आंध्र, पुंड्र, शबर, पुलिंद व मूतिब झाले, असें ऐतरेय ब्राह्मणांत सांगितलें आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांतील अशोकाच्या तेराव्या शिलालेखांतही आंध्रांचें नांव येतें. पुराणें पैठणच्या सातवाहन राजांस आंध्र म्हणतात. यावरून रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालच्या आपल्या ग्रंथांत आंध लोक आंध्र देशाकडून आले असावे, असें अनुमान केलें.

परंतु नाणेघाट व नाशिक येथील लेखांत ते राजे आपणांस सातवाहन म्हणवितात. आंध्र म्हणवीत नाहींत. तेव्हां ते घराणें पूर्वेकडून इकडे आलें कीं इकडून तिकडे पसरलें, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. राजाचें नांव हा प्रजेच्या प्रवासाचा दाखला नव्हे.

दुसरा साक्षीदार भाषा. लमाणांच्या तांड्यांत जी बोली चालते ती राजस्थानी बोलींच्या नात्याची आहे. म्हणून त्यांचे पूर्वज कोणत्या दिशेनें आले हें कळतें. किनवट व यवतमाळकडील कोलामांनीं आपली द्राविडी भाषा राखिली आहे. आंधांची बोली मात्र मराठी आहे; तेथें हा साक्षीदार मुका राहतो. मुकेपणावरून ते येथलेच असें ठरत नाहीं, कारण लोक भाषा बदलितात; आणि ते बाहेरचे असेंही ठरत नाहीं.

तिसरी गोष्ट सीमेची. १९४८ पर्यंत पैनगंगेच्या एका तीरास वऱ्हाड व दुसऱ्या तीरास निजामाचें राज्य होतें. हिंगोली जिल्हा तर परभणीपासून १९९९ सालीं वेगळा झाला. आंध मात्र दोन्ही तीरांस राहत आले. सीमा नव्या आहेत, लोक जुने आहेत.

म्हणून कोणी आपल्या शेजाऱ्यास 'तुम्ही मूळचे येथले नव्हे' असें म्हणूं लागला, तर त्यास पुरावा विचारावा. कोणी शापाची कथा सांगून त्यास हलका ठरवील, तर ती कथा सांगणाऱ्यांच्या मनाची साक्ष आहे, त्या लोकांच्या योग्यतेची नव्हे, हें समजावून द्यावें. आणि 'आंध' हें नांव लिहितांना 'अंध' असें लिहूं नये. शेजाऱ्याचें नांव नीट घेणें हा त्याच्या मानाचा आरंभ आहे.

विचारासाठीं प्रश्न:
१. नांवाचें साम्य पुरावा म्हणून कां अपुरें पडतें?
२. लमाणांची बोली काय सांगते, जें आंधांची बोली सांगत नाहीं?
३. आपल्या गांवांतील वडील माणसें आपल्या पूर्वजांच्या येण्याविषयीं काय सांगतात? तें लिहून ठेवा.