नवजाताचा मलावरोध आणि थायरॉईड : एक उशिरा शिकलेला धडा

"बाळ फार गुणी आहे हो डॉक्टर, रडतसुद्धा नाही!" व्यवसायाच्या आरंभीच्या काळात एका आजींनी केलेले हे कौतुक मी हसून ऐकले होते. बाळ पाच आठवड्यांचे होते. तक्रार एकच, चार-चार दिवस शी होत नाही. पोट फुगलेले होते, बेंबी वर आलेली होती. मी बाळगुटी बंद करावयास सांगितले, ग्लिसरीनची गुदवर्ती लिहून दिली आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो.

ते बाळ पुन्हा आले तेव्हा साडेतीन महिन्यांचे झाले होते. जीभ मोठी, आवाज घोगरा, मान धरलेली नाही. पहिली काळसर शी तिसऱ्या दिवशी झाली होती आणि कावीळ महिनाभर रेंगाळली होती, हे मला त्या दिवशी कळले, कारण पूर्वी मी ते विचारलेच नव्हते. तपासणीत थायरॉईडची जन्मजात कमतरता निघाली. थायरॉक्सिन सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत पोट साफ होऊ लागले. बुद्धीची वाढ मात्र मागे राहिली ती राहिलीच. त्या पोटाने मला काय सांगितले होते, याचा विचार मी तेव्हापासून करीत आलो आहे. व्यवसायबंधूंपुढे तो या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडतो.

आतड्याला स्वतःची चेतासंस्था आहे. तिच्यात कोट्यवधी चेतापेशी असतात. माइसनर यांनी १८५७ मध्ये अंतस्त्वचेखालचे, तर आउअरबाख यांनी १८६० च्या दशकात स्नायूंच्या दोन थरांमधले जाळे दाखवून दिले. या पेशी मूळच्या आतड्यातल्या नव्हेत. गर्भाच्या पाठीकडील न्यूरल क्रेस्ट या भागातून त्या निघतात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास अन्नमार्गाच्या वरच्या टोकात शिरतात आणि सातव्या आठवड्यापर्यंत खालच्या टोकाला पोहोचतात.

हा प्रवास अपुरा राहिला तर मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग चेतापेशींविना राहतो. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये वर्णन केलेला विकार तो हाच. सुमारे पाच हजार जन्मांत एका बाळाला तो होतो. त्याच्या मुळाशी 'रेट'सारख्या जनुकांतील दोष असतात. थायरॉईडची कमतरता हे त्याचे कारण नव्हे.

मग थायरॉईडचा संबंध येतो कोठे? चेतापेशींचे पोहोचणे वेगळे आणि कामाला लागणे वेगळे. पोहोचलेल्या पेशींनी प्रौढ व्हावयाचे असते, तंतू पसरून एकमेकींशी जोडले जावयाचे असते. हे काम गर्भावस्थेत पुढे चालू राहते आणि जन्मानंतरही संपत नाही. टी-४ हे संप्रेरक पेशीत टी-३ मध्ये रूपांतरित होते. टी-३ केंद्रकातील ग्राहकांना जाऊन मिळते आणि ठरावीक जनुकांचे कार्य चालू अथवा बंद करते. मेंदूची जडणघडण या यंत्रणेवर अवलंबून आहे, हे निर्विवाद आहे. आतड्याच्या चेतापेशींबाबतचा पुरावा बहुतांशी प्राण्यांवरील प्रयोगांतून आलेला आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तथापि आतड्याच्या घडणीवर या संप्रेरकाची सत्ता किती मोठी असू शकते, हे बेडूक दाखवतो. गुडरनाच यांनी १९१२ मध्ये बेडकाच्या पिलांना थायरॉईड ग्रंथी खाऊ घातली आणि त्यांचे रूपांतर वेळेआधीच सुरू झाले. या रूपांतरात वनस्पती पचवणारे लांबलचक आतडे आखूड होऊन नव्याने घडते, आणि ते घडवणारे संप्रेरक थायरॉईडचेच असते.

येथे काळाचा हिशेब महत्त्वाचा आहे. गर्भाची थायरॉईड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास संप्रेरक बनवू लागते आणि ते पुरेसे होण्यास गर्भावस्थेचा मध्य उजाडतो. तोवर गर्भाची भिस्त आईच्या टी-४ वर असते. म्हणून गर्भवतीला रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन मिळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आयोडीनयुक्त मिठाचा आग्रह आणि गरोदरपणाच्या आरंभीच थायरॉईडची तपासणी, ही बाळाच्या उपचाराची पहिली पायरी होय.

जन्मानंतर संप्रेरक कमी पडले, तर चेतापेशी जागेवर असूनही आतड्याची लाट मंदावते. पोट फुगते आणि चित्र हिर्शस्प्रुंगसारखे दिसू शकते. दोन्हींत फरक हा, की येथे गुदाशयाच्या तुकड्याच्या तपासणीत चेतापेशी सापडतात. डाउन सिंड्रोमच्या बाळांत मात्र हे दोन्ही विकार अधिक प्रमाणात आढळतात. तेव्हा एक सापडला म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवू नये.

व्यवहारात मी आता काही नियम पाळतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला ४८ तासांत शी झाली नाही, तर गुदवर्तीने समाधान मानत नाही. प्रत्येक नवजाताची टीएसएच तपासणी नाळेच्या रक्तावर, अथवा ४८ तासांनंतर टाचेच्या रक्तावर करतो. पहिल्या दिवशी टीएसएच स्वभावतःच वाढलेले असते. शंका असेल तेथे मुक्त टी-४ ही पाहतो, कारण दोष पीयूषिका ग्रंथीत असेल तर एकटे टीएसएच फसवते. निदान होताच पहिल्या दोन आठवड्यांच्या आत थायरॉक्सिन सुरू करतो. मात्रा दररोज किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम. गोळी कुटून आईच्या दुधात द्यावी; लोह, कॅल्शियम किंवा सोयायुक्त दुधाबरोबर देऊ नये.

आपल्या देशात साधारण हजार-बाराशे जन्मांत एका बाळाला ही कमतरता असते. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकाच्या दारात ते बाळ केव्हातरी येणारच. संप्रेरक उशिरा मिळाले तरी आतडे बहुधा सावरते. मेंदू त्या उशिराला क्षमा करीत नाही. बाळाच्या मलावरोधात दडलेली घाई ती हीच.

आजही एखाद्या आजी नातवंडाला 'गुणी' म्हणतात तेव्हा मी हसतो, पण त्याआधी विचारतो, "आजी, पहिली शी कोणत्या दिवशी झाली होती?"